युद्धाच्या छायेतल्या देशांत शाळा, रेडिओ, फुटबॉल: याने खरंच काही फरक पडतो का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जिथं युद्ध चालू आहे किंवा नुकतं थांबलंय अशा देशात कोणी शाळा काढतं, कोणी रेडिओवर मालिका चालवतं, कोणी दोन्ही बाजूंच्या पोरांना एका संघात खेळायला लावतं. पैसा खर्च होतो, फोटो छापून येतात, आणि मग कोणीतरी विचारतं, याने झालं काय? असे नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण त्यांच्यामागचा पुरावाही सारखा नाही.

एका वाक्यात सांगा, उपयोग होतो की नाही?

होतो, पण माहितीपत्रकात लिहितात तसा क्वचितच. मूल शाळेत जायला लागलं, वाचायला शिकलं. पलीकडच्या जमातीतल्या माणसाशी व्यवहार करणं पूर्वी गावाला चालत नव्हतं, ते आता चालतं. असे बदल नीट मोजले गेले आहेत. द्वेष मुळापासून गेला आणि मनं जुळली, असं कोणी सांगितलं तर मात्र सावधपणे ऐका. आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: उपक्रम लोकांच्या रोजच्या जगण्याच्या जितका जवळ, तितका परिणाम जास्त. अंतराचा हा मुद्दा पुढच्या बऱ्याच उत्तरांत येईल.

यात नेमकं काय काय येतं?

गावातली शाळा, निर्वासित मुलांचे वर्ग, शिष्यवृत्त्या, पाठ्यपुस्तकं, शांतता शिबिरं, रेडिओ-टीव्हीवरचे कार्यक्रम, वाद्यवृंद, खेळ, फिरती ग्रंथालयं, पडलेल्या वास्तू पुन्हा उभारणं. चालवणारे कधी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, कधी स्वयंसेवी संस्था, कधी दुसऱ्या देशाचं परराष्ट्र खातं, तर कधी गावातलेच चार शिकलेले लोक. या शेवटच्यांची नोंद कुठल्याच अहवालात सापडत नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा कशाचा आहे?

अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातल्या गावशाळांचा. डेना बर्ड आणि ली लिंडेन या दोघा संशोधकांनी वायव्य अफगाणिस्तानातल्या 31 गावांतल्या 1,490 मुलांचा अभ्यास केला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून आधी शाळा दिली, बाकीच्यांना नंतर. शाळा म्हणजे नवी इमारत नव्हे. गावात असलेलीच एखादी जागा, गावातलाच किंवा जवळपासचा शिकलेला माणूस शिक्षक म्हणून, आणि सरकारी शाळेतलाच अभ्यासक्रम. वेगळा संदेश नाही, शांततेचे धडे नाहीत.

शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण 42 टक्के-बिंदूंनी वाढलं, म्हणजे शंभरातली 42 मुलं जास्त जायला लागली. मुलगे आणि मुली यांच्यात पटनोंदणीत 21 टक्के-बिंदूंची दरी होती, ती मिटली. परीक्षेतल्या गुणांमधली दरीही बरीच घटली. कारण शोधलं तर ते फार साधं निघालं. शाळा एक मैल, म्हणजे दीडेक किलोमीटर, लांब गेली की पटनोंदणी सुमारे 16 टक्के-बिंदूंनी घसरत होती, आणि मुलींची त्याहून जास्त.

या आकड्यांचा अर्थ कळायला तिथला आईबाप डोळ्यांसमोर आणावा लागतो. वर्षानुवर्षं असंच सांगितलं जायचं की या भागातले लोक मुलींना शिकवायला तयार नाहीत, आधी त्यांची मानसिकता बदलायला हवी. खरं तर ते मुलीला डोंगरातून, परक्या गावातून, हत्यारबंद माणसांच्या वाटेवरून चार-पाच किलोमीटर एकटीला पाठवायला तयार नव्हते. शाळा अंगणाशी आली तेव्हा त्याच बापांनी त्याच मुलींना धाडलं. मानसिकता बदलण्याच्या कार्यशाळांवर किती खर्च झाला असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे शिक्षण वाढलं की हिंसा आपोआप कमी होते?

नाही. या क्षेत्रातला हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे.

सोमालियात मर्सी कोअर या संस्थेनं तरुणांसाठी माध्यमिक शिक्षणाचा मोठा कार्यक्रम चालवला आणि त्याचा परिणामही तपासला. शाळेत गेलेले तरुण प्रत्यक्ष हिंसेत कमी उतरत होते, पण राजकीय हिंसेला त्यांचा मनातून असलेला पाठिंबा काहीसा वाढलेला निघाला. नवल वाटायचं कारण नाही. शिकलेल्या मुलाला सरकार काय देऊ शकतं हे कळतं आणि ते देत नाही हेही कळतं. ज्यांना शिक्षणासोबत गावाच्या कामांत भाग घ्यायची, स्वतःचं म्हणणं मांडायची संधी मिळाली, त्यांच्यात सहभाग आणि पाठिंबा दोन्ही घटले.

कंदहारमध्ये बेरोजगार तरुणांना नुसतं व्यवसाय प्रशिक्षण दिलं तेव्हा ते कोणाच्या बाजूचे आहेत यात फारसा फरक पडला नाही. नुसते पैसे दिले तर परिणाम आला तसा ओसरला. दोन्ही एकत्र दिल्यावर सरकारकडे पाहण्याची नजर काही महिने तरी सुधारलेली राहिली. हातात कसब आहे पण भांडवल नाही, अशा माणसाला प्रमाणपत्राचं करायचं काय?

शिक्षणाने नुकसानही होऊ शकतं का?

होऊ शकतं आणि झालेलं आहे.

1984 ते 1994 या काळात अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेनं नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा केंद्राला अफगाण शिक्षणासाठी सुमारे 5.1 कोटी डॉलर दिले. त्यातून दारी आणि पश्तू भाषांत पाठ्यपुस्तकं निघाली. लढा तेव्हा सोव्हिएत फौजांविरुद्ध होता, त्यामुळं पुस्तकांत मोजणी शिकवायला बंदुका, गोळ्या, रणगाडे होते. चौथीच्या गणितात कलाश्निकोव्हच्या गोळीचा वेग आणि शत्रूचं अंतर देऊन गोळी किती सेकंदांत लागेल ते काढायला सांगितलं होतं. गणित म्हणून त्यात चूक काही नाही. सोव्हिएत फौजा 1989 मध्ये परतल्या, पुस्तकं मात्र वापरात राहिली. 2001 नंतर त्यातली चित्रं आणि उदाहरणं काढून तीच पुस्तकं नव्यानं छापावी लागली.

दुसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो. बोस्नियात 1995 मध्ये युद्ध थांबल्यावर परतलेल्या विस्थापितांच्या मुलांना शाळेत घ्यायचं होतं, म्हणून तात्पुरती सोय केली: एकाच इमारतीत दोन शाळा. बोस्नियाक (मुस्लिम) मुलांची एक, क्रोएट (कॅथलिक) मुलांची दुसरी. दारं वेगळी किंवा वेळा वेगळ्या, मुख्याध्यापक दोन, इतिहासाची पुस्तकं दोन. ही 'एका छपराखाली दोन शाळा' व्यवस्था तात्पुरती होती ती तशीच राहिली. 2018 मध्ये युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेनं मोजल्या तेव्हा 28 ठिकाणी अशा 56 शाळा होत्या. मुलं शिकली, पटनोंदणी उत्तम होती, आकडे चांगलेच दिसत होते. शेजारच्या दारातून येणारा मुलगा आपला नाही, हेही ती त्याच शाळेत शिकली.

यायत्से गावात मात्र उलट घडलं. तिथल्या एकत्र शाळेची अशीच फाळणी करायचा बेत अधिकाऱ्यांनी आखला तेव्हा विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. त्यांना 2018 मध्ये त्याच संघटनेचा माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. त्या पोरांना कुणी शिबिराला नेलं नव्हतं. ती एका वर्गात बसली होती, एवढंच.

रेडिओ आणि नाटकांनी लोकांची मनं बदलतात का?

मनं फारशी नाही, वागणं बदलतं. याचं सर्वांत चांगलं उदाहरण रवांडाचं आहे.

1994 च्या नरसंहारात एका खासगी रेडिओ केंद्रानं द्वेष पेरण्याचं काम उघड केलं होतं. त्याच माध्यमातून 2004 मध्ये 'मुसेकेवेया', म्हणजे नवी पहाट, नावाची मालिका सुरू झाली. दोन टेकड्यांवरची दोन काल्पनिक गावं, जमिनीवरून वैर, आणि दोन्हीकडच्या तरुण-तरुणीचं प्रेम. हुतू-तुत्सी ही तिथल्या दोन जमातींची नावं कुठंही नाहीत. ऐकणाऱ्याला सांगायची गरजही नव्हती.

एलिझाबेथ लेव्ही पलक या संशोधिकेनं वर्षभर काही गावांतल्या गटांना ही मालिका ऐकवली आणि काही गटांना आरोग्यावरची दुसरी मालिका. वर्षाअखेरीस विचारल्यावर मालिकेचे श्रोते म्हणाले ते साधारण असं: दोन जमातींत लग्नं व्हावीत की नाही याबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण गावात आता तसं झालं तर चालेल. मत बदललं नव्हतं. लोक काय म्हणतील याचा अंदाज बदलला होता. नाराजी उघड बोलून दाखवणं, एकमेकांवर विश्वास टाकणं, हेही त्यांना पूर्वीपेक्षा जास्त चालण्याजोगं वाटत होतं.

मला या अभ्यासातला शेवटचा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. निघताना संशोधकांनी प्रत्येक गटाला भेट म्हणून कॅसेट, टेपरेकॉर्डर आणि बॅटऱ्या दिल्या. बॅटरी ही तिथं किमती चीज. ती ठेवायची कोणाकडे, वापरायची कशी, हे गटानं ठरवायचं होतं. आरोग्याची मालिका ऐकणाऱ्या गटांत सहसा कोणीतरी म्हणायचं, गावच्या अधिकाऱ्याकडे देऊन टाका, आणि विषय संपायचा. 'मुसेकेवेया'च्या गटांत वाद सुरू झाला. अधिकाऱ्याकडे का? आपणच सांभाळू. आळीपाळीनं ठेवू. हो-नाही करत त्यांनी आपापसांत ठरवलं. जिथं वरून आलेला हुकूम निमूट पाळण्यातून एवढा संहार घडला, तिथं चार माणसांनी बॅटऱ्यांवरून हुज्जत घालणं ही किरकोळ गोष्ट नव्हती.

मग हाच प्रयोग सगळीकडे का करत नाहीत?

केला, आणि एकदा अंगाशी आला. पूर्व काँगोत 'मुसेकेवेया' काढणाऱ्याच संस्थेच्या अशाच मालिकेला जोड म्हणून चर्चेचा कार्यक्रम दिला. ऐकल्यावर लोकांनी या विषयांवर आपापसांत बोलावं असा हेतू. लोक बोलले. पलकच्याच अभ्यासात आढळलं की चर्चेचा कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, नावडत्या गटाबद्दलची असहिष्णुता वाढली, त्यांना मदत करायची तयारी कमी झाली. पूर्व काँगोत लढाई थांबलेली नव्हती. जखम ओली असताना तिच्यावर बोलायला लावलं तर बरं वाटण्याऐवजी ठणकाच लागतो.

सिएरा लिओनमधूनही असंच काहीसं हाती आलं. तिथं गावोगाव जमून पीडितांनी झालेलं सांगायचं आणि अत्याचार करणाऱ्यांनी कबुली द्यायची, असा कार्यक्रम झाला. 200 गावांच्या अभ्यासात क्षमाशीलता आणि गावातला एकोपा वाढलेला दिसला. पण त्याच गावांत नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही वाढलेली होती. समाजाला उतार पडला आणि त्याची किंमत माणसांनी एकेकट्यानं भरली. असा कार्यक्रम करायचा असेल तर पुढच्या काही वर्षांची मानसोपचाराची सोय आधी हवी. ती बहुतेक अंदाजपत्रकांत नसते.

खेळ आणि संगीत? फोटो तर सुंदर येतात.

फोटोंवर जाऊ नका, पण हसूनही सोडू नका.

इराकमध्ये आयसिसनं हुसकावलेल्या ख्रिश्चन तरुणांच्या हौशी फुटबॉल संघांवर सलमा मूसा या संशोधिकेनं केलेला प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही संघांत सगळे ख्रिश्चन, काही संघांत मुस्लिम खेळाडू मिसळलेले. मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला जास्त तयार होते, खिलाडूवृत्तीच्या पुरस्कारासाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिमाला मत देत होते, आणि सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. मैदानाबाहेर चित्र वेगळं होतं. मुस्लिमबहुल मोसुलमधल्या उपाहारगृहाचं सवलतीचं कूपन दिलं तर तिथं जायचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. ज्याच्याबरोबर घाम गाळला त्याच्यावर भरवसा बसला, त्याच्या शहरावर नाही.

संगीताचं ठळक उदाहरण म्हणजे इस्रायली संगीतकार डॅनियल बेरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी 1999 मध्ये जर्मनीतल्या वायमारमध्ये सुरू केलेला वेस्ट-ईस्टर्न दिवान वाद्यवृंद. इस्रायली आणि अरब तरुण वादक एका स्वरलिपीवर मान घालून बसतात. 2005 मध्ये त्यांनी रामल्ला या पॅलेस्टिनी शहरात कार्यक्रम केला. बेरेनबॉइम स्वतः कायम सांगत आले की या वाद्यवृंदानं शांतता येणार नाही. एकमेकांबद्दलचं अज्ञान कमी करणं एवढाच त्याचा दावा. इतका माफक दावा करणारे कार्यक्रम मला जास्त विश्वासार्ह वाटतात.

मुलांना चार दिवसांच्या किंवा परदेशातल्या शिबिराला नेतात, त्याचं काय?

श्रीलंकेत चार दिवसांच्या शांतता शिबिराला गेलेल्या तरुणांना एका वर्षानं गाठलं, तेव्हा दुसऱ्या वंशाच्या लोकांबद्दल त्यांना न गेलेल्यांपेक्षा जास्त आपुलकी वाटत होती आणि त्या वंशाच्या गरीब मुलांसाठी ते जास्त पैसे देत होते. चार दिवसांच्या मानानं हे बरंच झालं. अमेरिकेतल्या मेन राज्यात 1993 पासून भरणाऱ्या 'सीड्स ऑफ पीस' शिबिरात इस्रायली-पॅलेस्टिनी मुलांबाबत दिसलं की ज्याची पलीकडच्या एका तरी मुलाशी खरी दोस्ती झाली त्याचा दृष्टिकोन जास्त बदलला. घरी परतल्यावर बदलाचा काही भाग टिकला, काही विरला. व्याख्यानांपेक्षा रिकामा वेळ जास्त ठेवा, असा याचा व्यवहारी अर्थ मी काढतो.

लोक उपाशी असताना नाचगाण्यावर आणि जुन्या इमारतींवर खर्च कशाला?

रास्त प्रश्न. पण तो बहुधा बाहेरचे लोक विचारतात. बोस्नियाची राजधानी सारायेवोला वेढा पडलेला असताना, 1995 च्या शरदात, तिथं पहिला चित्रपट महोत्सव भरला. 15 देशांतले 37 चित्रपट आणि सुमारे 15,000 प्रेक्षक. वीज नाही, पाणी नाही, आणि लोक सिनेमाला. ही मागणी त्यांची स्वतःची होती, कोणा दात्याची नव्हे.

वास्तूंच्या बाबतीत दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. मालीतल्या टिंबक्टूमध्ये 2012 मध्ये अतिरेक्यांनी जुनी समाधीस्थळं पाडली. ती उभी करायला यूनेस्कोनं पैसा आणला, पण काम केलं तिथल्याच गवंड्यांनी, बापजाद्यांच्या पद्धतीनं मातीचं; 2015 मध्ये 14 समाधीस्थळं पुन्हा उभी राहिली. हेच गवंडी त्यांची दरवर्षी डागडुजीही करतात, म्हणजे ज्ञान आणि रोजगार दोन्ही गावात. बोस्नियातल्या मोस्तारचा पूल 1993 मध्ये पाडला गेला आणि 2004 मध्ये देखणा होऊन परतला. उद्घाटनाला जगभरचे पाहुणे आले. त्यानंतर त्याच शहरात 2008 पासून 2020 पर्यंत महापालिकेची निवडणूक होऊ शकली नाही, कारण दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचं नियमांवर एकमत होईना. दगडांचा पूल बांधायला अभियंते पुरतात.

दुसऱ्या देशांची सरकारं हे स्वतःच्या फायद्यासाठीच करतात ना?

मोठ्या प्रमाणात, हो. ब्रिटिश कौन्सिल 1934 ची, फुलब्राइट शिष्यवृत्ती 1946 ची. दोन्हींच्या मुळाशी परराष्ट्र धोरण आहेच. त्यात गैर काही नाही, लपवाछपवी नसेल तर. 1960 च्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगला काँगोत पाठवलं. राजधानी लेओपोल्डव्हिलमध्ये लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा तेव्हा त्याच शहरात नजरकैदेत होते, आणि त्यांना संपवायचे बेत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत शिजत होते, हे 1975 च्या सिनेट चौकशीत बाहेर आलं. हाच आर्मस्ट्राँग 1957 मध्ये सोव्हिएत दौऱ्याला नाही म्हणाला होता, कारण अमेरिकेतल्याच लिटल रॉक शहरात काळ्या मुलांना शाळेत जाऊ देत नव्हते. घरात शाळेचं दार बंद ठेवून बाहेर वकिली करायची कशी?

मदतीच्या आडून हेरगिरी झाली की नुकसान पिढ्यांचं होतं. 2011 मध्ये अबोटाबादला ओसामा बिन लादेनचा माग काढायला कावीळ-ब च्या लसीकरणाचा बनाव रचला गेला. पुढच्याच वर्षी वझिरिस्तानातल्या तालिबान म्होरक्यांनी पोलिओच्या डोसवर बंदी घातली, आणि डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या. अमेरिकेनं 2014 मध्ये लसीकरणाचा असा वापर करणार नाही असं जाहीर केलं. पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला तुम्ही ताक आहे म्हणून सांगितलं तरी तो फुंकणारच. शाळा चालवायला आलेल्या परक्या माणसाकडेही लोक मग त्याच नजरेनं पाहतात.

शाळांवरच हल्ले होत असतील तर शाळा काढणं धोक्याचं नाही का?

आहे. पक्की, मोठी इमारत सैन्याला तळ म्हणून हवी असते आणि मग ती समोरच्याचं लक्ष्य होते. म्हणून 2015 मध्ये ओस्लोत 'सुरक्षित शाळा जाहीरनामा' झाला. शाळांचा लष्करी वापर टाळण्याचं वचन त्यात आहे, आणि आजवर सुमारे 120 देशांनी ते दिलं आहे. कागद म्हणून तो चांगला आहे. प्रत्यक्षात जास्त उपयोगी पडलं ते नेपाळसारखं काम. तिथं माओवादी संघर्षाच्या काळात शिक्षक, पालक आणि स्थानिक संस्थांनी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून शाळा 'शांतिक्षेत्र' म्हणून राखायचे करार केले: आवारात हत्यार नाही, सभा नाही, मुलं पळवणं नाही. सरकारनं ते धोरण म्हणून 2011 मध्ये, युद्ध संपल्यावर, जाहीर केलं.

निर्वासित मुलांसाठी काय चालतं?

लेबननमध्ये सीरियन मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली, तेव्हा जागेचा प्रश्न सुटला आणि भाषेचा उभा राहिला. सीरियात गणित-विज्ञान अरबीत, लेबननमध्ये ते इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये. सातवीतला हुशार मुलगा फळ्यावरचं गणित सोडवू शकतो, पण प्रश्न वाचू शकत नाही. गळती तिथून सुरू होते.

लहान मुलांसाठी 'अहलन सिमसिम' हा उपक्रम आहे. त्याला 2017 मध्ये 10 कोटी डॉलरचं अनुदान मिळालं. त्यातल्या 11 आठवड्यांच्या फोनवरून चालणाऱ्या बालवाडीचा लेबननमध्ये अभ्यास झाला. शिक्षिका फोन करायच्या, घरी आई मुलाकडून करून घ्यायची. मुलांची प्रगती प्रत्यक्ष बालवाडीच्या वर्षभराच्या तोडीची निघाली. पुन्हा तेच, घरात पोहोचलेली शाळा.

शिष्यवृत्त्यांनी हुशार मुलं देश सोडून जातात, मग फायदा कोणाला?

त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना, नक्की. देशाला होईलच असं नाही.

अहवालांमधल्या यशावर विश्वास ठेवावा का?

'1,200 तरुण सहभागी, 94 टक्के समाधानी' अशा थाटाचं वाक्य दिसलं की पान उलटा. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, आयोजकांच्याच हातात, जेवणाआधी भरून दिलेल्या अर्जात कोण असमाधानी लिहील? तीन गोष्टी शोधा: उपक्रमाबाहेरच्या लोकांशी तुलना केली आहे का, सहा महिने किंवा वर्षानं परत विचारलं आहे का, आणि लोक काय म्हणाले यापेक्षा त्यांनी काय केलं हे पाहिलं आहे का. कूपन वापरलं का, बॅटऱ्या कोणाकडे ठेवल्या, मुलगी सोमवारी वर्गात होती का. आणि अपयश कबूल करणारा अहवाल मिळाला तर तो जपून ठेवा, दुर्मिळ असतो.

किती वर्षं लागतात?

उत्तर आयर्लंडमधलं लॅगन कॉलेज हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांना मुद्दाम एकत्र शिकवणारं तिथलं पहिलं विद्यालय. पालकांनी 1981 मध्ये 28 मुलांवर सुरू केलं, बॉम्बस्फोटांच्या ऐन काळात. शांतता करार 1998 चा. इतक्या वर्षांनंतरही तिथली एकात्म शाळांत जाणारी मुलं एकूण मुलांच्या 7-8 टक्क्यांच्या आसपासच आहेत. देणगीदारांचा प्रकल्प मात्र बहुधा तीन वर्षांचा असतो, त्यातलं पहिलं वर्ष कार्यालय थाटण्यात जातं.

निधी थांबला की सगळं कोसळतं का?

बरंचसं. संकटकाळातल्या मदतीत शिक्षणाचा वाटा वर्षानुवर्षं 2-3 टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे, त्यामुळं कात्री लागली की आधी इथं लागते. 2025 मध्ये यूएसएड बंद झाली आणि कितीतरी वर्ग शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर थांबले.

राज्य उलटलं तर काय होतं ते काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेच्या बाबतीत दिसलं. 2010 मध्ये सुरू झालेली ही संस्था. मुलं-मुली एकत्र शिकायची, झोहरा हा मुलींचा वाद्यवृंद जगभर फिरला. 2014 मध्ये तिच्या कार्यक्रमात आत्मघाती स्फोट झाला, संचालक अहमद सरमस्त जखमी झाले, तरी वर्ग चालू राहिले. 2021 मध्ये तालिबान आले आणि 273 जणांना पोर्तुगालला हलवावं लागलं. संस्था वाचली, पण देशाबाहेर. मुलींना सहावीनंतर शाळा बंद झाली, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठंही. घोरसारख्या डोंगरी भागात गावकऱ्यांच्या खोलीत भरणारा पहिली ते सहावीचा वर्ग त्यामानानं टिकाव धरून राहू शकतो. त्याला पाटी नाही, उद्घाटन नाही, बंद करायला येणाऱ्याला ठळक काही दिसत नाही.

मला अशा कामाला पैसे द्यायचे आहेत. संस्थेला काय विचारू?

शिक्षक कुठला, हे आधी विचारा. गावातला असेल तर त्याला पगार किती महिन्यांनी मिळतो, हेही. पुस्तक कोणी लिहिलं आणि ते तिथल्या परीक्षेला चालतं का. चालत नसेल तर मुलाचं वर्ष वाया जाणार. मागच्या प्रकल्पात काय फसलं. तुमचा निधी संपल्यावर वर्ग कोणाच्या ताब्यात जाणार, आणि त्या माणसाला हे माहीत आहे का. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का. सगळ्यांत लांबच्या घरातलं मूल शाळेत यायला किती वेळ चालतं, हे एखाद्याला मिनिटांत सांगता आलं तर बाकीची माहितीपत्रकं वाचली नाहीत तरी चालेल.